अंगणातलं 'ख्रिसमस ट्री' खरं सूचिपर्णी आहे का? आणि खान्देशात पाइन-देवदार का नाहीत?

तुमचा प्रश्न असा आहे: धुळ्यातल्या नर्सरीतून 'ख्रिसमस ट्री' आणून अंगणात लावलंय, ते खरं सूचिपर्णी (म्हणजे पाइन-देवदारच्या गटातलं, शंकू धरणारं झाड) आहे का, त्याला पाइनसारखे शंकू येतील का, आणि आपल्याकडे पाइन-देवदार का दिसत नाहीत. मी जळगाव जिल्ह्यात वनस्पतिशास्त्र शिकवतो आणि घरची लाकडाची वखार आहे. त्यामुळे ही झाडं मला पुस्तकातून जेवढी भेटली तेवढीच फळ्यांतूनही भेटली.

आधी तुमच्या झाडाचं. फांद्या खोडाभोवती चक्राकार, मजल्यामजल्याने निघत असतील आणि टोचणारी बारीक पानं फांदीला दोरीसारखी वेढत असतील, तर तो अरोकेरिया. हो, अस्सल सूचिपर्णी. आपल्याकडे या नावाने दोन जाती विकल्या जातात. एक पॅसिफिकमधल्या नॉरफोक बेटाची, दुसरी न्यू कॅलेडोनियाची, म्हणजे कुक पाइन. लहानपणी दोन्ही इतक्या सारख्या दिसतात की नर्सरीवाल्याला दोष देण्यात अर्थ नाही. यातल्या कुक पाइनची एक मजा आहे. ते जगात कुठेही लावलं तरी विषुववृत्ताच्या दिशेने कलतं. २०१७ मध्ये शास्त्रज्ञांनी वेगवेगळ्या देशांतली झाडं मोजली, तेव्हा हा कल सरासरी साडेआठ अंशांच्या आसपास निघाला. तेव्हा तुमचं झाड पुढे दक्षिणेकडे झुकायला लागलं तर पाया खचला म्हणून घाबरू नका.

शंकू येतील, पण झाड चांगलं मोठं झाल्यावर, आणि पाइनसारखे अख्खे खाली पडणार नाहीत. या अरोकेरियांचा मादी शंकू साधारण दहा-बारा सेंटिमीटरचा गोळा असतो आणि पिकला की झाडावरच सुटा होऊन विखुरतो.

आता या मंडळींचा खरा स्वभाव. यांना फूल नाही आणि फळही नाही. आंब्यात, कपाशीत बीजांड, म्हणजे ज्याचं पुढे बी होतं तो भाग, अंडाशयाच्या आत बंद असतं आणि त्या अंडाशयाचंच पुढे फळ किंवा बोंड होतं. सूचिपर्णीत बीजांड शंकूच्या खवल्यावर उघडं बसलेलं असतं. मधमाशीचं यात काही काम नाही, सगळी भिस्त वाऱ्यावर. पाइनच्या एकेका परागकणाला हवेने भरलेल्या दोन पिशव्या असतात. बीजांडाच्या तोंडाशी चिकट द्रवाचा एक थेंब येतो, परागकण त्यात अडकतो, थेंब आत शोषला जातो. पुढे मात्र कसलीही घाई नाही. पाइनमध्ये पराग पडल्यापासून प्रत्यक्ष फलन व्हायला साधारण वर्ष जातं आणि हिमालयातल्या चीड पाइनचा शंकू बिया मोकळ्या करेपर्यंत दोनेक वर्षं उलटतात. जूनमध्ये पेरून दिवाळीला कापूस वेचणाऱ्या माणसाला ही चाल समजायला जड जाते!

लाकडातही तोच संथपणा. वखारीत कुणी विचारलं की मी सागाच्या फळीचं टोक रंध्याने साफ करून दाखवतो. तिथे नुसत्या डोळ्यांना दिसतील एवढी छिद्रं असतात, विशेषतः वर्षाच्या वाढीच्या सुरुवातीला. त्या पाण्याच्या रुंद नळ्या. मग एमआयडीसीत मशिनरीच्या खोक्यांबरोबर येणारी पाइनची फळी घ्या, टोक गुळगुळीत. छिद्र नाही, कारण रुंद नळ्याच नाहीत. पाणी ट्रॅकीड नावाच्या अरुंद, दोन्ही टोकांना बंद पेशींतून, भिंतींतल्या खिडक्यांमधून सरकत वर जातं. त्या खिडकीच्या मध्ये एक चकती असते. एखाद्या पेशीत हवेचा बुडबुडा झाला की चकती सरकून खिडकी बंद होते आणि बुडबुडा शेजारच्या पेशीत पसरत नाही. हिमालयात खोडातलं पाणी गोठतं आणि वितळतं तेव्हा बुडबुडे होतातच. रुंद नळीत अख्खी पाण्याची धार तुटते, ट्रॅकीडमध्ये नुकसान एका पेशीपुरतं राहतं. किंमत एवढीच की पाणी कमी चढतं आणि झाड सावकाश वाढतं.

पानांचंही तसंच. जाड मेणचट थर, आत दबलेली पर्णरंध्रं, आणि एकदा केलेलं पान वर्षानुवर्षं वापरायचं. अमेरिकेतल्या ब्रिसलकोन पाइनच्या सुया तीस वर्षांहून जास्त टिकतात, आणि त्यातलं एक झाड ४८०० वर्षांपेक्षा जुनं आहे. सगळेच सदाहरित असतात असंही नाही, लार्च हिवाळ्यात पानं टाकतो. राळेच्या नलिका हा आणखी एक बंदोबस्त. खोडाला जखम झाली की राळ वाहते, किडा त्यात अडकतो. उत्तराखंडात चीड पाइनला खाचा पाडून हीच राळ गोळा करतात. त्यातूनच अस्सल टर्पेंटाइन येतं.

आता खान्देश. लोक सरळ सांगतात की ही थंडीची झाडं, भुसावळच्या उन्हात कशी जगतील? हे मला अर्धंच पटतं. चीड पाइन हिमालयाच्या पायथ्याशी पाचशे मीटरवरही वाढतो, तिथे उन्हाळा काही गार नसतो. सुमात्रात तर पाइनची एक जात विषुववृत्त ओलांडून पलीकडे गेली आहे. उंचीच हवी म्हणाल तर आपलं तोरणमाळ हजार मीटरच्या वर आहे.

माझ्या मते इथे सूचिपर्णींचा डावच चालत नाही. पाऊस चार महिने, पुढे कोरडं, आणि एप्रिल-मेमध्ये पारा पंचेचाळीसला टेकतो. सातपुड्यातला साग, सालई, धावडा यांनी यावर वेगळा तोडगा काढलाय. पावसात धडाक्याने वाढायचं आणि कोरड्या दिवसांत पानं झटकून मोकळं व्हायचं. रुंद नळ्यांचा फायदा इथे होतो. वर्षभर हिरवं राहून हळूहळू वाढणाऱ्याला ते बघता बघता मागे टाकतात. त्यात काळी कापसाची जमीन: पावसाळ्यात पाणी धरून मुळं कुजवते, उन्हाळ्यात भेगा पडून मुळं तोडते. शिवाय पाइनच्या मुळांना विशिष्ट बुरशीची साथ लागते. ती नसलेल्या जमिनीत परदेशांतल्या कित्येक लागवडी खुरटल्या, आणि जुन्या पाइनखालची माती आणून टाकल्यावर सुधारल्या. वरून हिमालय आणि सातपुड्याच्या मध्ये गंगेचं अख्खं मैदान, म्हणजे तिकडचं बी इथवर पोचणंही कठीण. अख्ख्या द्वीपकल्पात आज नैसर्गिकपणे वाढणारं एकच सूचिपर्णी आहे, नागेया, तेही दक्षिणेकडच्या सह्याद्रीत. त्याची पानं चक्क रुंद असतात. कोडाईकनालचे पाइन माणसांनी लावलेले.

पूर्वी मात्र चित्र निराळं होतं. आपल्या पायाखालचा काळा पाषाण ज्या लाव्हाचा, त्याच्या दोन थरांमधल्या गाळात, नागपूर आणि छिंदवाडा भागात, सूचिपर्णींच्या शंकूंचे जीवाश्म सापडले आहेत. वनस्पती-जीवाश्मांचे अभ्यासक बिरबल साहनींनी १९३१ मध्ये भारतातल्या अशा जीवाश्मांवर लिहिलंय. ही गोष्ट साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वीची.

आणि आज खान्देशात सूचिपर्णी अजिबात नाहीत असंही नाही. शाळेत वहीत विद्येचं पान ठेवायचो ना? ती मोरपंखी पक्की सूचिपर्णी, मूळची चीनकडची. तिची निळसर-हिरवी, शिंगं फुटलेली 'फळं' म्हणजे कोवळे शंकूच. उलट ज्याला सगळे पाइन समजतात तो सुरू सपुष्प वनस्पती आहे. त्याची 'सुई' हळूच ओढून बघा, पेरापेरांवर सुटते, कारण ती बारीक डहाळी आहे. खरी पानं त्या पेरांवरचे इवलेसे दात.

झाड जगवायचं तर खड्ड्यातल्या काळ्या मातीत मुरूम आणि शेणखत भरपूर मिसळा, ठिबक ठेवा पण बुंध्याशी पाणी साचू देऊ नका, आणि पहिली दोन-तीन वर्षं मे महिन्यात हिरवी नेट बांधा. खालच्या फांद्या एकदा वाळल्या की तिथे नव्या येतीलच असं नाही. शेंडा कापू नका. बाजूची फांदी कलम म्हणून लावायचा मोहही टाळा, ती जगली तरी वर्षानुवर्षं आडवीच वाढते. आणि पाइन उगवून बघायची हौस असेल तर सुकामेव्याच्या दुकानातला चिलगोजा पेरू नका. तो पाइनचंच बी आहे, पण बहुतेक वेळा भाजलेला असतो.