पडद्याला आधी विचार

बाळ, अनेक आशीर्वाद.

तुझा फोन आला तेव्हा मी वावरात होतो, नीट बोलता आलं नाही. पाच टक्के ग्लुकोजचं द्रावण पुस्तकात समपरासारी, म्हणजे रक्ताच्या बरोबरीचं, लिहिलंय आणि तुमच्या मॅडम म्हणतात की शिरेत गेल्यावर ते अवपरासारी, म्हणजे रक्तापेक्षा पातळ, ठरतं. "सर, खरं कोणतं? पाठ करायला एकच सांगा." हे शेवटचं वाक्य मला लागलं. माझ्या वर्गात तीन वर्षं बसलेली पोर पाठ करायला मागते?

दोन्ही खरं आहे. बाटलीतल्या द्रावणात विरघळलेले कण मोजले तर लिटरला २७८ मिलिऑस्मोलच्या (हे कण मोजायचं एकक) आसपास भरतात, रक्तद्रवात सुमारे २९०. जवळपास बरोबरी, म्हणून शिरेत जाताना तांबड्या पेशी फुटत नाहीत. पण ग्लुकोज बाहेर थांबतं कुठे? पेशी ते आत घेतात, वापरून टाकतात. मागे उरतं नुसतं पाणी, आणि त्यातलं बरंचसं पेशींत शिरतं. सलाइनचं तसं नाही. लिटरला ९ ग्रॅम मीठ, त्यातलं सोडियम पेशीत थोडंफार शिरलं तरी पेशी ते उपसून बाहेर टाकते. मीठ बाहेरच राहतं, म्हणून पाणीही बाहेर राहतं.

तेव्हा द्रावणाला नाव देण्याआधी पेशीच्या पडद्याला विचार, बाबा, तू कोणाला अडवतोस? कण मग मोज.

तुला नववीतल्या त्या तीन नळ्या आठवत नाहीत का? माझ्या बोटाचे तीन थेंब. सलाइनच्या नळीत गढूळ गुलाबी, मागे धरलेला पेपर वाचता येईना. साध्या पाण्यात थेंब पडला नि लगेच लालसर पण आरपार, अक्षरं स्पष्ट. तिसऱ्या नळीत लिटरला १८ ग्रॅम या मापाचं युरियाचं द्रावण. कण रक्ताइतकेच, तरी बघता बघता तीही नळी निवळली. तेव्हा तूच ओरडली होतीस, "सर, युरिया आत गेला!" अगदी बरोबर. तांबड्या पेशीचा पडदा युरियाला अडवत नाही. युरिया आत, त्याच्यामागे पाणी आत, पेशी फुटली. हे तुला चौदाव्या वर्षी कळलं होतं, मग आज बाटलीवरच्या नावाला का भुलतेस?

मी एवढा हट्ट धरतो त्याला कारण आहे, आणि ते मी वर्गात कधी सांगितलं नाही. १९८९ चा उन्हाळा, माझ्या पुतण्याला हगवण लागली. घरात ओआरएसचं पाकीट होतं, लिटरभर पाण्याचं. मी विज्ञानाचा मास्तर. पोरगं लिटरभर कधी पिणार, म्हणून सगळं पाकीट एका पेल्यात कालवलं. घट्ट दिलं तर लवकर गुण येईल असं वाटलं. लिटरभरात त्या वेळचं पाकीट ३११ मिलिऑस्मोल भरायचं, माझ्या पेल्यात ते बाराशेच्या वर गेलं. आतड्यात एवढं मीठ-साखर शोषलं जाईपर्यंत अंगातलंच पाणी तिकडे ओढलं जातं. जुलाब वाढले, पोर तहानेनं तळमळत होतं आणि मी दुसरा पेला कालवत होतो. तालुक्याला नेला म्हणून वाचला. परासरणाची, म्हणजे पडद्यातून जास्त कणांकडे पाणी ओढलं जाण्याची, व्याख्या तेव्हाही मला तोंडपाठ होती. पाकिटाचं द्रावण २००२ पासून २४५ वर आणलंय, पण पाणी मोजून घातलं नाही तर त्याचाही उपयोग नाही. वॉर्डात एखादी आई पाकीट पेल्यात ओतताना दिसली तर तिच्यावर खेकसू नकोस. लिटरची बाटली आणून तिच्यासमोर कालव.

आपल्या खारपाणपट्ट्यात तर हे रोजचं आहे. बोअरचं खारं पाणी दिलेल्या वाफ्यात माती ओली आणि सांबार (कोथिंबीर) माना टाकून. पाणी मुळाशी आहे, पण बाहेरच्या खारानं ते धरून ठेवलंय. तुझे बाबा वरून आणखी तेच पाणी सोडतात, तेव्हा मला माझा पेला आठवतो.

माझा पोर्शन कधी वेळेत संपला नाही, हे गावाला ठाऊक आहे. हेडसर म्हणायचे, तीन नळ्यांत तीन तास घालवता, बोर्डात याला एक मार्क. असेल. ज्यांना मी चार धडे घाईनं उरकून दिले त्यांच्यापैकी कोणाचा परासरणाबद्दल फोन येत नाही, तुझा आला. माझं चुकलं असं मला आजही वाटत नाही.

मॅडमना परत विचार. हळू बोलू नकोस. "बाटलीत समपरासारी, अंगात गेल्यावर नाही, कारण ग्लुकोज बाहेर टिकत नाही," असं त्यांच्यासमोर स्वतःच्या शब्दांत मांड. मग तीन टक्के सलाइन घे आणि मेंदूला सूज आलेल्या पेशंटला ते का देतात, ते पुस्तक न उघडता मला कागदावर लिहून पाठव. पेशी काढ, पडदा काढ, बाण काढ. व्हॉट्सअॅपवर फोटो चालेल.

तुझा,
सर