उत्तर: जलाशयाचं पाणी विकावं कुणी, कोअरने की ब्यूरोने?

तुमची पोस्ट वाचली आणि आमचीच जुनी फाइल उघडल्यासारखं झालं. अमेरिकेत नॉर्थ डकोटातल्या गॅरिसन धरणाच्या जलाशयातून (लेक सकाकाविआ) छोट्या गावासाठी पाणी हवंय, पण दोन कचेऱ्या एकमेकींकडे बोट दाखवतात. म्हणून वैतागून तुम्ही विचारलंय की फेडरल जलाशयातलं पाणी विकायचं काम मुळात कोअर ऑफ इंजिनिअर्सकडे (लष्करी खात्याची बांधकाम शाखा) असावं की ब्यूरो ऑफ रिक्लमेशनकडे (सिंचन प्रकल्प बघणारी कचेरी). मी वकील नाही, पाणीपुरवठ्यातला इंजिनिअर आहे. त्या बेताने घ्या.

माझं मत विचाराल तर गेट ज्याच्या हातात, करार त्यानेच करावा. म्हणजे मिसुरी नदीच्या सहा मोठ्या धरणांवर कोअरने. कोअरवर माझं प्रेम उतू जातंय असं नाही. १९८२ साली इंटिरिअर खात्याने (सरकारी जमीन-पाण्याचं केंद्रीय खातं, ब्यूरो त्याच्याच हाताखाली) साउथ डकोटातल्या ओआहे जलाशयातून वर्षाला २०,००० एकर-फूट (एक एकरावर एक फूट उभं राहील तेवढं म्हणजे एक एकर-फूट) पाणी ईटीएसआय नावाच्या पाइपलाइन प्रकल्पाला देऊन टाकायचं ठरवलं. वायोमिंगच्या कोळशाची पूड पाण्यात कालवून नळाने आग्नेयेकडे पाठवायची होती. मिसुरी, आयोवा आणि नेब्रास्का ही राज्यं कोर्टात गेली. १९८८ मध्ये सुप्रीम कोर्टाने एकमताने निकाल दिला की ओआहे लष्करी खात्याच्या ताब्यात आहे, त्याच्या संमतीशिवाय इंटिरिअरला उद्योगासाठी असा करार करता येणार नाही. तोवर प्रकल्प कधीच गुंडाळला गेला होता. ज्याला गेटचं चाक फिरवता येत नाही त्याने पाण्याचा शब्द दिला की असं होतं.

गोंधळाचं मूळ १९४४ च्या पूरनियंत्रण कायद्यात आहे. कलम ६ प्रमाणे शिल्लक पाणी घरगुती आणि औद्योगिक वापराला लष्करी खातं देतं, कलम ८ प्रमाणे सिंचनाचं काम इंटिरिअरकडे. तलाव एकच, दारं दोन. गावाची नळयोजना असेल तर अर्जात शेतीचा उल्लेखही करू नका.

आता आमचं सर्वात जास्त नुकसान कशाने झालं ते सांगतो. जलाशय आणि खातं मुद्दाम लिहीत नाही, आमचा करार अजून चालू आहे. दोन्ही खात्यांशी काम पडलंय, तेव्हा अंदाज बांधू नका. तर एकाच कचेरीच्या दोन शाखा. जॅकवेलसाठी (पाणी उपसायची विहीर) काठावरची जागा वापरायचा हक्क, म्हणजे ईझमेंट, एक शाखा देणार. पाण्याचा करार दुसरी करणार. जागेवाल्यांनी अर्ज परत पाठवला, का तर ‘करार क्रमांक’ हा रकाना रिकामा. करारवाल्यांनीही परत पाठवला, का तर ‘ईझमेंट क्रमांक’ रिकामा. मजला एकच, पण एकमेकांना फोन करायला कुणी तयार नाही. तेवढ्यात पाइपांच्या टेंडरची मुदत संपली आणि ठेकेदाराने दर चढवले. शेवटी आमच्या काँग्रेसमनच्या स्थानिक कार्यालयातून चौकशीचं पत्र गेलं, तेव्हा कागद हलले. तुम्ही दोन्ही अर्ज एकाच दिवशी द्या, रिकाम्या रकान्यात ‘प्रलंबित’ लिहा आणि दुसऱ्या अर्जाची पोच जोडा.

आणखी एक. १९५८ च्या वॉटर सप्लाय ॲक्टखाली कोअर तुम्हाला जलाशयातली साठवणीची जागा देतं, पाण्याचा हक्क नाही. तो राज्याकडून घ्यायचा. राज्याचं परमिट आधी हातात ठेवा.

दराबाबत मात्र मी कोअरच्या बाजूने नाही. धरण नसतं तरी जे पाणी नदीतून वाहिलंच असतं, त्याचे पैसे कसले मागता, हा नॉर्थ डकोटाचा सवाल मला रास्त वाटतो. २०१४ च्या कायद्याने मिसुरीच्या जलाशयांवरच्या शिल्लक पाण्याला दहा वर्षं फी लावायला मनाई केली, ती उगाच नाही. तुम्ही आपल्या महाराष्ट्राच्या जलसंपदा खात्यातून आलेले, म्हणून विचारतो: तिकडे धरण आणि पाणीपट्टी एकाच खात्याकडे असली तरी ठोक दर ठरवायला २००५ च्या कायद्याने जलसंपत्ती नियमन प्राधिकरण आणलंच ना? इथे तसं का नको? असो, हा माझा जुना त्रागा.

जाता जाता, जॅकवेलची तळपातळी नेहमीच्या पातळीवरून ठरवू नका. २००५ मध्ये सकाकाविआ विक्रमी खाली गेला होता. त्या वर्षाचे आकडे काढा आणि त्याच्याही खाली जा. खर्च वाढेल, बोर्ड कुरकुरेल, पण मागे हटू नका.