सिस्टिमच्या पायथनला धक्का न लावता नवा पायथन बिल्ड करता येतो का?

तुमच्या उबुंटू २२.०४ वर पायथन ३.१० आहे, प्रोजेक्टला ३.१२ हवाय, तो सोर्सवरून (म्हणजे मूळ कोडवरून स्वतः) बिल्ड करायचाय, आणि प्रश्न असा की आधी जुना काढून टाकायचा का.

कृपा करून काढू नका. तो ३.१० उबुंटूने स्वतःसाठी ठेवलाय. मी एकदा ‘पायथन३’ची सिमलिंक (या नावावरून खऱ्या फाइलकडे नेणारा दुवा) नव्या व्हर्जनकडे वळवली होती. थोड्या वेळाने टर्मिनल उघडेचना. आयकॉनवर क्लिक केलं की कर्सर जरा वेळ फिरायचा आणि मग काहीच नाही. उबुंटूवर गनोम टर्मिनल सुरू करणारी फाइल हीच मुळात पायथनची छोटीशी स्क्रिप्ट असते, आणि तिला लागणारं मॉड्यूल सिस्टिमच्या व्हर्जनसाठीच कंपाइल केलेलं असतं. शेवटी कंट्रोल-ऑल्ट-एफ३ दाबून कन्सोलवर गेले आणि लिंक पूर्ववत केली, तेव्हा कुठे जिवात जीव आला.

तेव्हा नव्याला वेगळं घर द्या. बिल्डच्या आधी ‘कॉन्फिगर’ करताना प्रिफिक्स, म्हणजे इन्स्टॉल करायची जागा, म्हणून ऑप्टमध्ये (/opt) स्वतंत्र फोल्डर सांगा. उबुंटूचं पॅकेज मॅनेजर एपीटी तिथे ढवळाढवळ करत नाही. शिवाय पायथनच्या सोर्समध्ये ‘मेक अनइन्स्टॉल’ (बिल्डच्या ‘मेक’ कमांडने सगळं काढून टाकायची सोय) नाही, त्यामुळे उद्या नको झाला तर तो एक फोल्डर उडवला की काम झालं. एरवीच्या यूएसआर-लोकलमध्ये (/usr/local) विखुरलेल्या फाइली शोधत बसावं लागत नाही. आणि ‘मेक इन्स्टॉल’ऐवजी ‘मेक अल्टइन्स्टॉल’ वापरा. मग फक्त ‘पायथन३.१२’ या नावाची कमांड तयार होते, नुसत्या ‘पायथन३’ नावाची होत नाही. पुढे तो फोल्डर पाथमध्ये (कमांड जिथे शोधल्या जातात त्या फोल्डरांच्या यादीत) घातलात तरी ‘पायथन३’ म्हटल्यावर ३.१०च चालतो.

बहुतेक जण अडकतात ते बिल्डच्या आधीच. ओपनएसएसएल, झेडलिब, लिबएफएफआय, एसक्यूलाइट या लायब्ररींची ‘डेव्ह’ पॅकेजेस (कंपाइल करताना लागणाऱ्या फाइली) एपीटीने आधी टाकून घ्या. ती नसली तरी बिल्ड थांबत नाही, म्हणूनच फसायला होतं. ‘मेक’ संपताना न बनलेल्या मॉड्यूल्सची यादी येते, ती नीट वाचा. त्यात एसएसएल दिसलं तर तिथेच थांबा, कारण त्याशिवाय पिप (पायथनची पॅकेजेस टाकणारं साधन) नेटवरून एकही पॅकेज आणू शकणार नाही. पॅकेज टाकायचं, पुन्हा कॉन्फिगर, पुन्हा मेक.

यानंतर प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये ‘पायथन३.१२’ने व्हेनव्ह, म्हणजे त्या प्रोजेक्टपुरतं वेगळं पायथन वातावरण, बनवा. ते अॅक्टिव्हेट केलंत की तेवढ्यापुरता ‘पायथन’ म्हणजे ३.१२, बाहेर आलात की सगळं पूर्वीसारखं. सूडो (अॅडमिनचे अधिकार) लावून पिप मात्र कधीच चालवू नका, दोन्हीपैकी कुठल्याच पायथनसाठी.

एक जबाबदारी तुमच्यावर येते. एपीटी अपग्रेड तुमच्या ३.१२ला हात लावणार नाही. या मालिकेला ऑक्टोबर २०२८पर्यंत सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळणार आहेत, पण प्रत्येक वेळी नवं सोर्स आणून त्याच प्रिफिक्सवर पुन्हा बिल्ड तुम्हालाच करायचंय. कॉन्फिगरची ओळ एखाद्या फाइलमध्ये आजच लिहून ठेवा.