कॉलेजच्या आवारातलं जुनं मिग-21 खरंच 1971 च्या युद्धात होतं का, हे कसं शोधायचं?

तुमच्या कॉलेजात उभ्या असलेल्या मिगच्या फलकावर ‘1971 च्या युद्धातील विमान’ असं लिहिलंय आणि त्याचा पुरावा कुठे मिळेल, असं तुम्ही विचारलंय. मी ओझर मिगला, म्हणजे नाशिकजवळच्या एचएएलच्या विमान कारखान्यात, ओव्हरहॉलमध्ये (विमान पूर्ण उघडून दुरुस्त करण्याच्या कामात) बरीच वर्षं काढली. माझं ऐकाल तर फलक बाजूला ठेवा आणि आधी विमानाखाली वाका.

1971 ला आपली लढलेली मिग-21 मुख्यतः एफएल जातीची होती, म्हणजे कारखान्याच्या भाषेत टाइप 77. त्यांच्या पोटात कायमची तोफ नव्हती आणि प्रत्येक पंखाखाली एकच पायलॉन (शस्त्रं टांगायचा खांब) होता. टाइप 96, म्हणजे मिग-21एम, ओझरहून 1973 पासून बाहेर पडायला लागलं. त्याची पाठ जाड, पंखांखाली मिळून चार पायलॉन, आणि पोटातच बसवलेली 23 मिमी दुहेरी नळीची तोफ. तोफ काढून नेली असली तरी तिची जागा दिसतेच. एफएलला पोटाखाली तोफेचा पॉड, म्हणजे तोफ असलेली सुटी पेटी, टांगायचे, पण टांगलेला पॉड आणि अंगात बसवलेली तोफ यांत गल्लत करू नका. तुमचं विमान टाइप 96 निघालं, तर फलक चुकीचा आहे, एवढं नक्की. आमच्याच जिल्ह्यात एका ठिकाणी मी असा फलक पाहिला. लोकांनी तिथे हार घातले होते. मला फार वाईट वाटलं. त्या विमानाची खरी नोकरीही काही कमी मानाची नव्हती.

टाइप 77 निघालं तर पुढचा शोध. विमानाच्या अंगावर रंगवलेला नंबर, म्हणजे ‘C’ अक्षर आणि पुढचे आकडे, लिहून घ्या, पण रंगाऱ्यावर विसंबू नका. दर रंगकामात आकडा बदलू शकतो. पॅनेलांच्या आतल्या बाजूला, चाकांच्या कप्प्यात पाहा. काढलेलं पॅनेल पुन्हा त्याच विमानाला लागावं म्हणून आम्ही त्यावर विमानाचा नंबर टाकायचो. दोन-तीन ठिकाणी जुळला तरच धरा, कारण पंखसुद्धा दुसऱ्या विमानाचे असू शकतात. इंजिनाचा नंबर उपयोगाचा नाही, इंजिनं ओडिशातल्या कोरापूटच्या कारखान्यातून यायची आणि बदलत राहायची.

नंबर पक्का झाला की ‘भारत-रक्षक’ आणि ‘वॉरबर्ड्स ऑफ इंडिया’ या वेबसाइटवरच्या विमानांच्या याद्या पाहा. मग हवाई दलाकडे माहिती अधिकाराचा अर्ज करा, शुल्क 10 रुपये. फक्त तीनच गोष्टी मागा: विमान कधी तयार झालं, कोणत्या स्क्वाड्रनमध्ये होतं, सेवेतून कधी काढलं. कॉलेजचं त्या वेळचं पत्रव्यवहाराचं बाडही चाळा. विमान कोणत्या तारखेला आलं, कोणते भाग आधीच काढलेले होते, याची नोंद बहुधा तिथेच सापडते.

आणि एक विनंती. पुढच्या वेळी रंग द्यायचा ठरला तर खरवडण्याआधी सगळ्या बाजूंनी फोटो काढा, आणि एकेक थर निघेल तसे परत काढा. स्क्वाड्रनची खूण पुष्कळदा खालच्या थरात शिल्लक असते. एकदा पॉलिश पेपर फिरला की ती गेली.