जर्नलमधली रीडिंग आणि पाइपाची जाडी

जळगाव, मे महिना

बेटा,

शेवटचा पेपर झाला आणि सोमवारपासून तू एमआयडीसीतल्या प्लॅस्टिक पाइपाच्या कारखान्यात दोन महिने इंटर्नशिपला जाणार, हे ऐकून फार बरं वाटलं. "सर, जायच्या आधी काय वाचू?" असं फोनवर विचारलंस. त्याचं उत्तर घाईत द्यायचं नव्हतं, म्हणून लिहितोय.

वाचायचं राहू दे. एक सवय मात्र घरी ठेवून जा. आलेखाची रेघ सरळ यावी म्हणून प्रॅक्टिकलला आपण अपेक्षित उत्तरावरून रीडिंग उलटी काढतो आणि जर्नलमध्ये भरतो. त्यावर सही मिळते, मार्क मिळतात. चार वर्षांत ती सवय हातात इतकी मुरते की आपण खोटं लिहितोय हेही जाणवत नाही.

मलाही जाणवलं नव्हतं. पदवी संपल्यावर मीही असाच ऐन उन्हाळ्यात एका कारखान्यात लागलो होतो. दर तासाला पाइपाचा तुकडा कापायचा, चार ठिकाणी जाडी मोजायची, रजिस्टरमध्ये लिहायची. बाहेर ४४-४५ अंश, आत पावणेदोनशेच्या घरात तापलेलं, प्लॅस्टिक वितळवणारं बॅरल. दुपारी तीनला मी मोजलंच नाही. सकाळचे आकडे थोडे इकडेतिकडे करून लिहिले. चारला मोजलं तर एक बाजू पातळ. डाय, म्हणजे पाइपाला आकार देणारा साचा, सरकली होती. आधीचं खोटं उघडं पडेल म्हणून मी गप्प राहिलो. पण मशीन थोडंच थांबतं? पाइप येतच होता. सुपरवायझरना सांगायला मला आणखी दोन तास लागले. त्या रात्री सगळा ढीग मोजून काढला, बराचसा पुन्हा दळायला गेला. तो पाइप रावेर-यावलकडे कुणाच्या केळीत जमिनीखाली गेला असता आणि मे महिन्यात फुटला असता, तर? केळीला या दिवसांत पाण्याचा खाडा सोसत नाही. हा विचार अजूनही माझा पिच्छा सोडत नाही.

म्हणून मोजल्याशिवाय लिहू नकोस, आणि चुकलं तर त्याच मिनिटाला सांग. बोलणी बसतील, बसू देत.

मोजणंही वाटतं तितकं सोपं नाही. कापलेल्या कडेला बारीक तुसं राहतात. ती चाकूने काढली नाहीस तर स्क्रू गेज जाडी जास्त दाखवतं. गरम तुकडा गार होऊ दे, मग मोज. आकड्यासोबत वेळ लिही, आणि कूलिंग टँकच्या पाण्याचं तापमानही लिही. ते कुणी सांगणार नाही, पण तुझा प्रोजेक्ट बहुधा तिथेच आहे. आपल्याकडे दुपारी पाणी तापतं, पाइप पुरेसा गार न होता पुढे ओढला जातो आणि गोल राहत नाही. मग ऑपरेटर लाइनचा वेग कमी करतो. किती कमी करतो, किती वाजता करतो, याची महिनाभराची नोंद तुझ्याकडे असली, तर चिलरवर, म्हणजे पाणी गार करणाऱ्या यंत्रावर, खर्च करायचा की नाही हे ठरवायला त्यांना आधार मिळेल.

ऑपरेटरना नाना, आबा, भाऊ, जे सगळे म्हणतात तेच म्हण. ते म्हणतील, "मशीन माल नही खाई राहिनं." हसू नकोस, हॉपरमध्ये, म्हणजे माल ओततात त्या नरसाळ्यात, बघ. पावडर वरच अडकून बसलेली असते आणि माल पुढे ढकलणारा बॅरलमधला स्क्रू रिकामा फिरत असतो. नानांना ते नुसत्या आवाजावरून कळतं. कसं कळतं, ते विचार.

उन्हासाठी बांधलेला स्कार्फ गेटवरच सोडून ठेव, ओढणी नकोच. फिरत्या भागांजवळ लोंबतं काही नको. स्टायपेंडची चौकशी केलीस. मिळालं तर उत्तम, पण त्यावरून दुसरीकडे जाऊ नकोस असं मला मनापासून वाटतं.

पहिल्या आठवड्याची वहीची पानं मला फोटो काढून पाठव. डाग, खाडाखोड असली तरी चालेल. पुन्हा स्वच्छ उतरवून काढू नकोस.

तुझे सर