कौलावरचं साल आणि शाळेचं वय

प्रश्न : आमचं गाव भोर तालुक्यात, डोंगराच्या कुशीत. पट कमी झाला म्हणून जिल्हा परिषदेची शाळा शेजारच्या गावातल्या शाळेत गेली. जुनी दोन खोल्यांची कौलारू इमारत बंद पडून आहे. तिथे गावाच्या इतिहासाचं संग्रहालय करावं, असं आम्हा माजी विद्यार्थ्यांच्या मनात आहे. लोक दळणाची जाती, पायल्या, तांब्यापितळेची भांडी द्यायला तयार आहेत. काहींकडे मोडी कागद आहेत, शाळेच्या कपाटात जुनी रजिस्टरं आहेत. एका कौलावर बासेल मिशन आणि 1865 असं उमटलेलं आहे. ते शाळेचं स्थापना वर्ष म्हणून फलकावर लिहावं का? कंत्राटदार भिंतींना सिमेंटचा गिलावा करून देतो म्हणतो. सुरुवात कुठून करावी?
– एक वाचक, भोर

उत्तर : फलक रंगवायला दिला असेल तर आधी थांबवा. 1865 साली बासेल मिशनचा कौलांचा कारखाना मंगळूरला सुरू झाला. ते साल कारखान्याचं. पुढे कितीतरी वर्षांनी भाजलेल्या कौलांवरही तेच उमटवलेलं असे. शाळेचं वय शाळेच्या कागदांत शोधा. भोर 1948 पर्यंत पंतसचिवांचं संस्थान होतं आणि जिल्हा परिषदा आल्या 1962 साली. त्यामुळे शाळा खरोखर जुनी असेल तर ती मुळात संस्थानची. फलकावर तेही यायला हवं. कौल मात्र टाकू नका. ते उलटं करून दाराशी ठेवा, म्हणजे अक्षरं दिसतील.

इमारतीची मालकी आधी तपासा. सातबारा किंवा मिळकत पत्रिका काढा आणि जिल्हा परिषदेकडे निर्लेखनाचा प्रस्ताव गेलाय का, ते विचारा. निर्लेखन मंजूर झालं की इमारत पाडून लाकूडफाटा लिलावात जातो. तुमचा ग्रामसभेचा ठराव त्याच्या आत पोचला पाहिजे, आणि जागा वापरायची परवानगी लेखीच घ्या. तोंडी ‘करा हो तुम्ही’ साहेबांची बदली होईपर्यंतच चालतं.

कंत्राटदाराला नम्रपणे नाही म्हणा. भिंती दगड-मातीच्या किंवा चुन्याच्या असतील तर सिमेंटने ओल आत कोंडते, आणि भोरच्या पावसात ती कुठून तरी बाहेर येणारच. चुन्याचा गिलावा करा, कौलं शाकारून घ्या, वासे-रिपांना वाळवी लागलीय का ते ठोकून बघा. पहिला पैसा छपरावर घाला, काचेच्या कपाटांचं नंतर बघू.

आता रजिस्टरं. दाखल-खारीज रजिस्टर ही प्रदर्शनाची वस्तू नव्हे. जन्मतारीख, जात पडताळणी यांसाठी लोकांना आजही त्यातला उतारा लागतो. 2023 मध्ये कुणबी नोंदींसाठी अशाच रजिस्टरांची पानं चाळली गेली. शिवाय हयात माणसांची जात-जन्मतारीख काचेखाली मांडायचा आपल्याला अधिकार नाही. मूळ रजिस्टरं शाळा जिथे गेली तिथल्या मुख्याध्यापकांच्या ताब्यात पोचलीत ना, एवढं पाहा. त्यांच्या परवानगीने ‘शाळा सोडल्याचे कारण’ हा रकाना नावं वगळून उतरवून घ्या. कोण मुंबईला गेलं, कोण गुरांमागे, किती मुलींची लग्नं झाली, याचा दशकवार तक्ता भिंतीवर लावलात तर माणसं तलवारीसमोर थांबणार नाहीत इतकी त्याच्यासमोर थांबतील. (तलवारीची हौस सगळ्यांना असते. गावात नसेल तर विकत आणू नका.)

मी पुण्यात संग्रहालयाच्या नोंदवह्या लिहिण्यात नोकरी घालवली, त्यामुळे माझा हट्ट एकच : नोंद झाल्याशिवाय वस्तू उंबऱ्याच्या आत घ्यायची नाही. पायली आली तर ती कुणाच्या घरची, कुठल्या खाचराचं भात तिने मोजलं, बलुतेदारांचं बैतं, म्हणजे त्यांचा धान्याचा वाटा, हिनेच घातलं जाई का, हे देणाऱ्या आजीला तिथेच विचारा आणि तिच्याच शब्दांत लिहा. चिपटं, मापटं, शेर, अधोली, पायली अशी पुरी उतरंड जमली तर एका फळीवर क्रमाने मांडा आणि एकदा मुलांसमोर भात मोजून दाखवा. क्रमांक मांजरपाटाच्या पट्टीवर लिहून दोऱ्याने बांधा, पितळेवर रंगवू नका. चिंच लावून घासूही नका. वस्तू दान की काही काळापुरती, हे सहीनिशी लिहून घ्या, नाहीतर सूनबाई दोन वर्षांनी मागायला येतील आणि त्यांचं चूक नसेल. जाती ढिगाने येतील. एक चांगलं ठेवा, बाकीची परत.

वीरगळी, म्हणजे लढाईत पडलेल्या वीरांचे कोरीव स्मृतिदगड, मात्र शेतातून उचलून आणू नका. त्या जिथे उभ्या आहेत ती जागाच निम्मी माहिती सांगते. तिथे फोटो काढा, नकाशावर खूण करा. खोदताना नाणी सापडली तर 1878 च्या निखात निधी कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं.

मोडी कागदांना चिकटपट्टी लावू नका, लॅमिनेशन तर नकोच. कोरड्या सुती कापडात गुंडाळून सदाशिव पेठेत भारत इतिहास संशोधक मंडळात दाखवायला आणा; 1910 पासून मंडळाचं तेच काम आहे. त्याच फेरीत राजा केळकर संग्रहालयही पाहा. दिनकर केळकरांनी अडकित्ते, दिवे, पाय घासायच्या वज्रीसुद्धा जमवल्या आणि 1975 साली सगळा संग्रह राज्य शासनाला दिला. वस्तूंपेक्षा त्यांच्याखालच्या पाट्या वाचा, आणि कुठली पाटी अपुरी वाटते ते टिपून ठेवा.

राहिली किल्ली. ती दोघांकडे असू द्या, आणि त्यातला एक रोज गावात असणारा हवा. किराणा दुकानदार सगळ्यात बरा. त्याचा फोन नंबर त्याला विचारून दारावर लिहा.