दहा बाय बाराच्या खोलीत कर्जत

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. बदलापूरच्या घरातली दहा बाय बारा फुटांची खोली आता छंदासाठी मोकळी झाली आहे, एचओ मापाचे, म्हणजे १:८७ प्रमाणातले, डब्ल्यूएपी-७ हे विजेचे इंजिन आणि चार एलएचबी (नव्या धाटणीचे लांब प्रवासी) डबे हाताशी आहेत, आणि कर्जत ते लोणावळा या संपूर्ण घाटाचे रेल्वे मॉडेल उभारून त्यातून बारा डब्यांची गाडी चालवायची आहे. त्यासाठी खोलीच्या मधोमध आठ बाय सहा फुटांचे टेबल ठेवावे, असा आपला विचार आहे. माझी विनंती आहे की सुताराला बोलावण्याआधी थोडे गणित करावे, कारण ही इच्छा ज्या रूपात आपण मांडली आहे त्या रूपात या खोलीत मावत नाही. मात्र तिचा गाभा उत्तम रीतीने मावतो.

कर्जत ते लोणावळा हे अंतर २८ किलोमीटर आहे. १:८७ या प्रमाणात ते सुमारे ३२० मीटर होते. आपल्या खोलीच्या चारही भिंतींना लागून रूळ फिरवला, तर एका फेरीत जेमतेम सव्वाअकरा मीटर मिळतात, म्हणजे खऱ्या मापात एक किलोमीटरही नाही. गाडीचेही तेच आहे. एलएचबी डबा या मापात सुमारे साडेसत्तावीस सेंटिमीटरचा होतो, तेव्हा बारा डबे आणि इंजिन मिळून साडेतीन मीटर लागतात आणि आपली लांब भिंतच ३.६६ मीटरची आहे. बारा डब्यांची गाडीच सर्वांत प्रिय असेल, तर आणखी काही विकत घेण्याआधी एन मापाचा, म्हणजे १:१६० चा, विचार करावा. तिथे हीच गाडी दोन मीटरच्या आत बसते. पण त्या मापात भारतीय गाड्या मिळवणे फार कष्टाचे आहे आणि आपल्याकडचे इंजिन एचओचे आहे, म्हणून पुढचे सारे एचओ धरून लिहितो.

संपूर्ण घाट बसवण्याचा प्रयत्न सोडून द्यावा आणि घाटातले एकच ठिकाण निवडावे, असे माझे स्पष्ट मत आहे. ते ठिकाण कर्जत असावे. पुण्याकडे निघालेली गाडी सहसा इथे थांबते, कारण पुढे १:३७ चा चढ आहे आणि त्यासाठी तिच्या शेपटीला बँकर, म्हणजे मागून ढकलणारी, इंजिने जोडावी लागतात. मी फलाटाच्या मुंबईकडच्या टोकाला उभा राहून हे अनेकदा पाहिले आहे. बँकर मागून येतात, शेवटच्या डब्यापासून काही हातांवर थबकतात, मग अगदी माणसाच्या चालीने पुढे सरकतात. कपलर बसल्याचा जड आवाज येतो आणि एक हलका हिसका डब्याडब्यांतून पुढे जाताना वडे विकत घेणारी माणसेही क्षणभर मागे वळून बघतात. मॉडेलवर ही एकच क्रिया पाच-सात मिनिटे हातांना आणि डोळ्यांना गुंतवून ठेवते, आणि गाडी चार डब्यांची असली तरी ती पूर्ण वाटते. नुसती गोल फिरणारी बारा डब्यांची गाडी हे समाधान देत नाही.

आता टेबलाविषयी. एलएचबी डबा लांब आहे, म्हणून वळणाची त्रिज्या डब्याच्या लांबीच्या अडीच पटीपेक्षा कमी ठेवू नये. तिप्पट असेल तर निर्धास्त राहता येते. ७६ सेंटिमीटर ही त्रिज्या आपल्याला सोयीची आहे, कारण आतील त्रिज्या तेवढीच असलेले वक्र सांधे, म्हणजे गाडीला एका रुळावरून दुसऱ्यावर नेणारे वळणदार रूळ, बाजारात तयार मिळतात. आठ फुटांच्या टेबलावर ही वळणे आखून कडेला दहा-दहा सेंटिमीटर सोडले, की सरळ रूळ फक्त ७२ सेंटिमीटर उरतो. त्यावर धड तीन डबेही उभे राहत नाहीत. तीच वळणे खोलीच्या कोपऱ्यांत टाकली, तर लांब भिंतीवर १९४ आणि आखूड भिंतीवर १३३ सेंटिमीटर सरळ रूळ मिळतो. शिवाय टेबलाभोवती चारही बाजूंना केवळ ६१ सेंटिमीटरची वाट उरेल आणि टेबलाचा मध्य कडेपासून ९१ सेंटिमीटरवर राहील. ७५ सेंटिमीटरच्या पलीकडे हात नीट काम करत नाही. माझ्या पहिल्या मांडणीत मागचा कोपरा भिंतीला टेकलेला आणि कडेपासून चार फुटांवर होता, आणि डबा नेमका तिथेच घसरत असे. एकदा तो उचलताना माझ्या बाहीत अडकून फलाटावरचा सिग्नल मुळापासून तुटला, आणि त्या संध्याकाळी मी ती मांडणी मोडायचे ठरवले.

म्हणून भिंतींना लागून, जमिनीपासून ११५ सेंटिमीटर उंचीवर फळ्या घ्याव्यात आणि मध्ये आपण स्वतः उभे राहावे. एका लांब भिंतीवर साठ सेंटिमीटर रुंदीचे कर्जत, आणि समोरच्या लांब भिंतीवर सत्तर सेंटिमीटर रुंदीचा डोंगर. या दोहोंमध्ये पावणेदोन मीटरची जागा राहते. तीत दोघेजण एकमेकांना धक्का न लावता वावरू शकतात.

गाडीची लांबी इथूनच ठरते. एक इंजिन, चार डबे आणि दोन बँकर मिळून सुमारे १८१ सेंटिमीटर होतात. कर्जतच्या भिंतीवर सरळ रूळ १९४ सेंटिमीटर आहे, तेव्हा गाडी उभी राहते, पण स्थानकाच्या दोन्ही टोकांचे सांधे कोपऱ्याच्या वळणात न्यावे लागतील. वर सांगितलेले वक्र सांधे त्यासाठीच आहेत. दोन फलाट-मार्ग, बँकर उभे करायला एक आखूड मार्ग आणि खोपोली लोकलसाठी फलाटाला लागून एक मार्ग, एवढे पुरे. खऱ्या घाटात तीन मार्ग आहेत. आपण एकच चालता ठेवावा. तीन आखण्याचा मोह मलाही झाला होता, आणि त्यात डोंगर उरत नाही, नुसते रूळ उरतात.

घाटाचा खरा चढ इथे जसाच्या तसा वापरता येतो, याचा मला विशेष आनंद आहे. कर्जतच्या टोकाच्या सांध्यांपासून निघून एक कोपरा, आखूड भिंत आणि दुसरा कोपरा ओलांडेपर्यंत साधारण ३१० सेंटिमीटर अंतर मिळते, आणि १:३७ ने त्यात सव्वाआठ सेंटिमीटर उंची गाठली जाते. तेवढ्या उंचीवर, समोरच्या डोंगराआड, तीन समांतर सपाट मार्गांचे झाकलेले यार्ड करावे आणि त्यालाच लोणावळा मानावे. तिथे बँकर सुटतात, आणि उरलेली गाडी दाराच्या भिंतीवरून तितक्याच उताराने कर्जतला परत येते. डोंगराचे तुकडे उचलून बाजूला ठेवता येतील असेच बांधावेत, कारण डबा झाकलेल्या जागीच घसरणार हे धरून चालावे.

वळणावरचा चढ सरळ रुळावरच्या चढापेक्षा इंजिनाला बराच जड जातो, त्यामुळे बँकर केवळ शोभेचे राहत नाहीत. पण मागून रेटा बसला की हलका डबा वळणात बाहेरच्या बाजूला फेकला जातो. अमेरिकेतील नॅशनल मॉडेल रेलरोड असोसिएशनने एचओ डब्याच्या वजनासाठी सुचवलेल्या नियमाप्रमाणे आपल्या डब्याचे वजन सुमारे १८० ग्रॅम असावे. प्रत्येक डबा स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवून पाहावा आणि कमी भरला तर वजन तळाशी, मधोमध चिकटवावे. पुढचे इंजिन आणि बँकर यांचा वेग डीसीसीवर, म्हणजे प्रत्येक इंजिनाला रुळांतून वेगळी आज्ञा देणाऱ्या पद्धतीवर, आधी एकटे-एकटे पळवून जुळवावा. साध्या डीसीवर, जिथे रुळावरची सारी इंजिने एकाच विजेवर चालतात, हे साधण्याच्या भरीस पडू नये.

दाराची आखूड भिंत ही या मांडणीतली नाजूक जागा आहे. तिथे १३३ सेंटिमीटरचा सरळ भाग आहे, म्हणून बिजागरीचा उचलता पूल बसतो. तो वळणात कधीही करू नये. पूल उघडला की त्याच्या दोन्ही बाजूंच्या किमान अर्ध्या मीटर रुळाचा वीजपुरवठा बंद व्हावा यासाठी छोटा लिमिट स्विच लावावा. इंजिन ११५ सेंटिमीटरवरून फरशीवर पडले तर ते दुरुस्त होईलच असे नाही.

आपल्याकडच्या पावसाळ्यासाठी प्लायवूड आयएस ७१० चे, म्हणजे पाण्याला टिकणारे मरीन प्रतीचे, १२ मिलिमीटर जाडीचे घ्यावे आणि त्याच्या कापलेल्या कडांनाही रंग द्यावा. रूळ हिवाळ्यात बसवत असाल तर दर जोडात व्हिजिटिंग कार्डाच्या जाडीएवढी फट सोडावी, अन्यथा मे महिन्यात ते बाजूला फुगतात. प्रत्येक लांब रुळाला वीज स्वतंत्र तारेने द्यावी, दोन रूळ सांधणाऱ्या जोडपट्टीच्या भरवशावर राहू नये.

कागदावर आराखडा काढण्याआधी खोलीच्या फरशीवर खडूने ही वळणे दोरीने आखावीत, जुन्या पुठ्ठ्याचे साडेसत्तावीस सेंटिमीटरचे चार तुकडे कापून ते कर्जतच्या रेषेवर ठेवावेत आणि दार उघडून आत-बाहेर करून पाहावे. दाराचे पान आत उघडते की बाहेर, बिजागर कोणत्या बाजूला आहे आणि खिडकीची चौकट जमिनीपासून किती उंच आहे, ही मापे मला कळवा. चौकट १३० सेंटिमीटरच्या वर निघाली तर चढाची आखूड भिंत खिडकीखालून नेता येईल आणि खिडकी उघडण्यात काहीच आड येणार नाही.